बचावपटूची नोंद : राहुल भेके यांची कारकीर्द आणि महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉल

प्रस्तावना :

क्रीडेच्या इतिहासलेखनात साधनांचा प्रश्न इतर इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे. फुटबॉलपुरता विचार केला, तर आघाडीच्या खेळाडूचा इतिहास काही प्रमाणात आपोआप लिहिला जातो. त्याने केलेला गोल मिनिटासह नोंदला जातो, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याचे छायाचित्र येते आणि वर्षाअखेरीस त्याच्या नावापुढे एक आकडा उभा राहतो. बचावपटूचे तसे नाही. त्याचे यश म्हणजे न घडलेली घटना. प्रतिस्पर्ध्याने दिलेला चेंडू मध्येच अडवला, धोकादायक जागा वेळीच व्यापली, समोरच्या खेळाडूला डाव्या पायाने मारायला भाग पाडले, तर यांपैकी कशाचीही नोंद दप्तरात राहत नाही. त्याची चूक मात्र राहते. तीही मिनिटासह.

मुंबईत ६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेले बचावपटू राहुल भेके यांच्या कारकिर्दीचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे. भेके यांनी भारतीय संघाचे प्रतिनिधित्व केले, देशातील नामवंत क्लबांची बचावफळी सांभाळली आणि मुंबईच्या संघाचे कर्णधार म्हणून विजेतेपदाचा चषक उंचावला. तथापि त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व केवळ या यशात नाही. महाराष्ट्रातील फुटबॉलपटूची जुनी उपजीविका, म्हणजे कंपनीची किंवा सरकारी खात्याची नोकरी, मोडकळीस आली आणि तिची जागा मुदतीच्या कराराने घेतली, नेमका तोच काळ भेके यांच्या उमेदवारीचा आहे. त्यामुळे एका व्यक्तीची कारकीर्द पाहत असताना एका व्यवसायाचे स्थित्यंतरही पाहता येते.

पार्श्वभूमी : नोकरीतला खेळाडू

मुंबईत फुटबॉल रुजविला तो ब्रिटिश पलटणींनी. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता आणि भारतीय संघाला हा चषक जिंकण्यासाठी १९३७ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला. पुढे कूपरेजच्या मैदानावर पलटणींची जागा हळूहळू कंपन्यांनी व खात्यांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्र ही नावे वाचताना ती फुटबॉल संघांची आहेत की मुंबईच्या औद्योगिक निर्देशिकेतील आहेत, असा प्रश्न पडावा. खेळाडू हा त्या आस्थापनेचा नोकर असे. सकाळी सराव, नंतर कार्यालय, संध्याकाळी सामना आणि खेळण्याचे वय सरले की पूर्णवेळ टेबल, असा त्याच्या आयुष्याचा क्रम ठरलेला असे. मानधन थोडे असले तरी साठीपर्यंतची सोय होती.

या व्यवस्थेतील बचावपटूचे उत्तम उदाहरण म्हणजे ओ. चंद्रशेखर. केरळातील इरिंजालकुडा येथून मुंबईस आलेले चंद्रशेखर कॅल्टेक्सच्या संघाकडून खेळत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या संघात ते होते आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला तेव्हा संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. एवढे असूनही महाराष्ट्रात आज त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे. याच जाकार्ता स्पर्धेतील एक घटना येथे नोंदविणे अगत्याचे आहे. संघाचे प्रमुख बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना अंतिम सामन्यात बचावाऐवजी आघाडीला खेळवले. भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरविले आणि त्यांतील एक गोल जर्नेल सिंग यांचा होता. त्यांची सारी हयात चेंडू अडविण्यात गेली, पण त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी प्रथम वळते ती त्या गोलाकडे. बचावपटूला इतिहासात शिरायचे तर बहुधा आपली जागा सोडून पुढे जावे लागते, असे म्हणण्यास यामुळे जागा होते. भेके यांच्या बाबतीत याचा पुन्हा प्रत्यय येतो.

नोकरीची ही व्यवस्था एका दिवसात कोसळली नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यानंतरही मुंबईचे कंपनी संघ टिकून होते. इतकेच नव्हे, तर २००५–०६ मध्ये महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पटकाविले. त्या संघाचे प्रशिक्षक डेरिक परेरा हे स्वतः गोव्याचे नावाजलेले बचावपटू होते. मात्र अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्र कंपनीने आपला संघ विसर्जित केला. त्यानंतर आशियाई महासंघाच्या परवाना निकषांचा प्रश्न पुढे आला. क्लब ही स्वतंत्र संस्था असावी, तिचे स्वतःचे हिशेब, कुमार संघ व मैदान असावे, असा या निकषांचा रोख होता. सरकारी कंपनीचा एक क्रीडा विभाग या चौकटीत बसणे कठीण होते. परिणामी २०१३–१४ च्या हंगामापासून एअर इंडिया व ओ.एन.जी.सी. हे मुंबईचे दोन्ही संघ आय-लीगबाहेर गेले. निकष तत्त्वतः योग्यच होते, पण त्यामुळे मुंबईतील तरुण खेळाडूच्या हातची कायम नोकरीची आशाही गेली, याची दखल त्या वेळी फारशी घेतली गेली नाही. सोलापूरच्या वाचकाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरण ज्या शहराने बंद पडताना पाहिली, त्याला भोंगा थांबल्यावर कुशल माणसाचे काय होते हे ठाऊक आहे.

करारावरचा खेळाडू :

भेके यांचा उदय या सांध्यावर झाला. मुंबई एफ.सी. हा २००७ मध्ये स्थापन झालेला क्लब कंपनीच्या खात्याचा नव्हता, तो केवळ फुटबॉलसाठी उभारलेला होता. तेथून २०१४ मध्ये भेके कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाले. मुंबईच्या खेळाडूने नाव कमावण्यासाठी कोलकात्याची वाट धरणे ही गोष्ट नवी नव्हती. नवा होता तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमुळे निर्माण झालेला दुहेरी हंगाम. पहिली तीन वर्षे ही लीग दोन-अडीच महिन्यांत आटोपत असे आणि उरलेल्या काळात आय-लीग चाले. त्यामुळे एकाच खेळाडूला वर्षात दोन संघ, दोन प्रशिक्षक, दोन शहरे आणि दोन निरनिराळ्या बचावपद्धती सांभाळाव्या लागत. ईस्ट बंगालशी करार असताना भेके २०१५ मध्ये केरळा ब्लास्टर्सकडे आणि २०१६ मध्ये एफ.सी. पुणे सिटीकडे उसनवारीने गेले. केरळचा संघ त्या हंगामात तळाला राहिला आणि पुण्याचा क्लब पुढे २०१९ मध्ये अस्तित्वातून गेला.

आघाडीच्या खेळाडूपेक्षा बचावपटूला ही भ्रमंती अधिक जड जाते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. चेंडू पायात आल्यावर आघाडीपटू एकट्याच्या कौशल्यावर काही करून दाखवू शकतो. बचावफळी मात्र चौघांची मिळून एक असते. कोणी पुढे सरकायचे, कोणी मागे राहायचे, ऑफसाइडची रेषा केव्हा वर न्यायची, गोलरक्षकाच्या हाकेवर कितपत विसंबायचे, या गोष्टी सहवासाने अंगवळणी पडतात. असा सहवास भेके यांना पहिल्यांदा सलग लाभला तो २०१७ मध्ये बेंगळुरू एफ.सी.मध्ये गेल्यानंतर. अल्बर्ट रोका आणि त्यांच्यानंतर कार्लेस क्वाद्रात या स्पॅनिश प्रशिक्षकांच्या हाताखाली त्यांनी चार हंगाम काढले. उजव्या बगलेवर आणि बचावफळीच्या मध्यभागी अशा दोन्ही जागी ते खेळले. उंची, हवेतील चेंडूवरील पकड आणि कॉर्नरच्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेमक्या क्षणी घुसण्याची हातोटी हे त्यांचे गुण याच काळात ठळक झाले.

अंतिम सामन्यांतील गोल :

२० एप्रिल २०१८ रोजी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर पहिल्या सुपर चषकाचा अंतिम सामना झाला. समोर ईस्ट बंगाल, म्हणजे भेके यांचाच पूर्वीचा क्लब होता आणि त्याने आघाडीही घेतली होती. बेंगळुरूला बरोबरी साधून देणारा गोल भेके यांचा होता. सामना पुढे ४–१ असा एकतर्फी झाला आणि दोन गोल करणाऱ्या सुनील छेत्री यांच्या नावाने तो ओळखला गेला. हे स्वाभाविकच होते.

पुढील वर्षीचा प्रसंग मात्र निःसंशय भेके यांचा. १७ मार्च २०१९ रोजी इंडियन सुपर लीगच्या पाचव्या पर्वाचा अंतिम सामना मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, बेंगळुरू आणि एफ.सी. गोवा यांच्यात झाला. आदल्याच वर्षी बेंगळुरूने साखळीत पहिला क्रमांक मिळवूनही स्वतःच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २–३ असा अंतिम सामना गमावला होता. किंबहुना तोवरच्या चारही पर्वांत साखळीतील अव्वल संघाला विजेतेपद मिळाले नव्हते. या वेळीही नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहू यांना मैदान सोडावे लागले, पण कोंडी फुटेना. जादा वेळ संपण्यास तीन-चार मिनिटे उरली असता दिमास देल्गादो यांनी घेतलेल्या कॉर्नरवर भेके उंच उडाले आणि त्यांच्या हेडरने सामना १–० असा निकाली काढला. मुंबईत वाढलेल्या खेळाडूने मुंबईतच, पण बेंगळुरूसाठी, विजेतेपद मिळवून दिले. नव्या व्यवस्थेत खेळाडूचे गाव आणि त्याचा क्लब यांचा संबंध किती सैल झाला होता, याचेही हे उदाहरण मानता येईल. कोल्हापूरच्या पेठांमध्ये आजही पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या नावाने संघ मैदानात उतरतात आणि पेठेचा मुलगा पेठेसाठी खेळतो. त्या जगाशी ताडून पाहिले म्हणजे हे अंतर ध्यानात येते.

तिसरा गोल परदेशातील. २०२१ मध्ये भेके मुंबई सिटीत आले. या क्लबची मोठी भागीदारी २०१९ पासून सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत मुंबई सिटीला पहिल्या सामन्यात अल शबाबकडून ०–३ असा पराभव पत्करावा लागला. दुसरा सामना ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबशी होता. इराकी संघाने आघाडी घेतली, दिएगो मॉरिसियो यांनी पेनल्टीवर बरोबरी केली आणि नंतर जाहू यांच्या कॉर्नरवर भेके यांनी हेडरने विजयी गोल नोंदविला. २०१९ च्या त्या रात्री जाहू प्रतिस्पर्धी होते, या रात्री तेच चेंडू पुरविणारे ठरले. आशियातील या सर्वोच्च क्लब स्पर्धेत भारतीय क्लबने मिळविलेला हा पहिला विजय होय. मुंबई सिटीने गटात सात गुणांसह दुसरे स्थान मिळविले.

या तिन्ही गोलांचे वर्णन करताना त्याच सामन्यांत भेके यांनी बचावपटू म्हणून काय केले, याविषयी चार वाक्येही लिहिता येत नाहीत. साधनेच नाहीत. गोव्यासारखा आक्रमक संघ १२० मिनिटांत एकही गोल करू शकला नाही, ही खरी बचावफळीची कामगिरी, पण सामन्याच्या धावत्या अहवालात तिच्या वाट्याला शून्य हा एक आकडा येतो.

दोहा : दोन सामने

भारतीय संघाच्या संदर्भात हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. भेके यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील किंग्ज चषकात कुरासाओविरुद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांचाही तो पहिलाच सामना होता आणि भारत १–३ असा हरला. तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली. कतार हा त्याच वर्षीचा आशियाई विजेता होता आणि त्याने आधीच्या सामन्यात अफगाणिस्तानवर सहा गोल चढविले होते. आजारपणामुळे छेत्री खेळणार नव्हते. संदेश झिंगन, आदिल खान, उजव्या बगलेवर भेके व डाव्या बगलेवर गोव्याचे मंदार राव देसाई अशी बचावफळी होती. सामना ०–० असा सुटला. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू यांच्या अविस्मरणीय खेळाचे कौतुक झाले आणि ते सर्वस्वी उचितच होते. बचावफळीतील चौघांची नावे मात्र संघयादीपुरती राहिली.

३ जून २०२१ रोजी त्याच शहरात त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा सामना झाला. सतराव्या मिनिटाला भेके यांना दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि ते बाहेर गेले. उरलेला सव्वा तासाचा खेळ भारताला दहा खेळाडूंनिशी काढावा लागला आणि सामना ०–१ असा गमवावा लागला. दोन सामन्यांची तुलना केली तर दिसते, की पहिल्या सामन्यातील नव्वद मिनिटांच्या यशस्वी बचावाची वैयक्तिक नोंद नाही, पण दुसऱ्या सामन्यातील सतरावे मिनिट कायमचे नोंदले गेले आहे. एवढ्याशा प्रसंगावरून खेळाडूचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरेल. संघाने तसे केलेही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालदीवमध्ये सॅफ स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात भेके होते. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध झिंगन यांच्या जोडीने बचावाच्या मध्यभागी तेच उभे होते. त्या स्पर्धेत भारताने तिन्ही सामने गमावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध बरोबरी साधणारा आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँग येथे मालदीवविरुद्ध भारताच्या ३–० अशा विजयाची सुरुवात करणारा गोल पुन्हा त्यांचाच. दोन्ही वेळा कॉर्नरवर, दोन्ही वेळा डोक्याने.

कर्णधारपद आणि त्यानंतर :

मुंबई सिटीने २०२२–२३ च्या साखळीत ४६ गुणांसह प्रथम स्थान मिळविले. पुढच्या हंगामात ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध अंतिम सामना झाला, तेव्हा कर्णधार भेके होते. पूर्वार्धात पिछाडीवर पडलेल्या मुंबईने ३–१ असा विजय मिळविला. प्रशिक्षक पेत्र क्रात्की हे चेक आणि अखेरच्या क्षणी तिसरा गोल करणारे याकुब वोय्तुश हे स्लोव्हाक. एकेकाळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या दोन भागांतील माणसे मुंबईच्या संघात आणि त्या संघाचा कर्णधार मुंबईचा मराठी बचावपटू, असा हा योग होता. पलटणींच्या कूपरेजपासून सुरू झालेल्या प्रवासात मुंबईच्या फुटबॉलने परकीय माणसे पूर्वीही पाहिली होती, पण आता ती राज्यकर्ते म्हणून आलेली नव्हती. कर्णधाराप्रमाणेच तीही मुदतीच्या करारावर खेळत वा शिकवीत होती.

विजेतेपदानंतर महिन्याभरातच हा करार संपला आणि भेके बेंगळुरूला परतले. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि जादा वेळेत मोहन बागानकडून १–२ असा हरला. त्यानंतर जे घडले ते मैदानाबाहेर. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यावसायिक आयोजक यांच्यातील पंधरा वर्षांचा हक्क-करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि त्याचे नूतनीकरण झालेले नव्हते. जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी पुढील हंगाम स्थगित ठेवीत असल्याचे क्लबांना कळविले. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफ.सी.ने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविल्याचे जाहीर केले. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला.

नोकरीच्या काळात संघ बंद पडला तरी खेळाडूचे टेबल शाबूत राही. एअर इंडियाचा संघ लीगबाहेर गेला, पण त्यातील कायम नोकरदार खेळाडू हजेरीपुस्तकात होते. करारावरच्या खेळाडूला हजेरीपुस्तक नाही. चंद्रशेखर यांच्या पिढीने स्वप्नातही पाहिली नसेल इतकी रक्कम त्याला काही वर्षांत मिळू शकते, उत्तम मैदाने, फिजिओ आणि परदेशी प्रशिक्षक मिळतात, आणि एखाद्या ऑगस्टमध्ये एका पत्रकाने हे सारे थांबूही शकते. ते पत्रक निघाले तेव्हा भेके यांनी वयाची चौतिशी ओलांडलेली होती.